दाखल झालेले प्रौढ रुग्ण कोण होते? केसपेपरपासून पहिल्या तक्त्यापर्यंतचे सविस्तर मार्गदर्शन

पदव्युत्तर प्रबंध, रुग्णालयाचा वार्षिक अहवाल किंवा एखाद्या विभागाने स्वतःच्या कामाचा घेतलेला आढावा, यांतला पहिला तक्ता बहुधा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : दाखल झालेले रुग्ण कोण होते? वय, लिंग, राहण्याचे ठिकाण, शिक्षण, व्यवसाय, आर्थिक स्तर, तंबाखू व दारू, जुने आजार आणि दाखल होतानाची प्रकृती ही त्यातली नेहमीची सदरे. हा तक्ता अनेकदा सर्वांत शेवटी, घाईने भरला जातो आणि वाचणाराही तो ओलांडून निष्कर्षांकडे जातो. माझ्या मते सर्वाधिक काळजी याच तक्त्याची घ्यायला हवी, कारण पुढचा प्रत्येक निष्कर्ष कोणत्या माणसांना लागू पडतो हे तोच सांगतो; आणि त्यातला प्रत्येक आकडा प्रश्न कोणी, केव्हा, कोणाला आणि कोणत्या शब्दांत विचारला यावर अवलंबून असतो. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये, जिल्हा रुग्णालये आणि मध्यम आकाराची खाजगी रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून, मेडिसिन वॉर्डातील प्रौढ रुग्ण गृहीत धरून लिहिले आहे.

पायरी पहिली : ‘रुग्ण’ कोणाला म्हणायचे ते लिहून ठेवावे

‘प्रौढ’ या शब्दाची सीमा कागदावर स्पष्ट हवी. अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग बारा किंवा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांनाच दाखल करून घेतो, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा प्रौढांच्या वॉर्डात असतो. वॉर्डाच्या नोंदवहीवरून सरसकट नावे घेतली तर ही मुले अभ्यासात येतात आणि संमतीपासून शरीरभाराच्या निकषापर्यंत सगळेच बिघडते. म्हणून ‘दाखल होण्याच्या दिवशी १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती’ अशी व्याख्या करावी.

त्यानंतर मोजणी व्यक्तींची करायची की भरतीची, हे ठरवावे. हृदय निकामी होत चाललेला रुग्ण वर्षात चार वेळा दाखल होऊ शकतो. भरती मोजल्या तर तो चार ओळींत येतो, आणि वृद्ध व दीर्घ आजारी माणसांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. खाटा, औषधे, मनुष्यबळ यांचे नियोजन करायचे असेल तर भरती मोजणे योग्य. रुग्णांचे वर्णन करायचे असेल तर व्यक्ती मोजावी आणि ठरलेल्या काळातील तिची पहिली भरती धरावी. डायलिसिस किंवा केमोथेरपीसाठी काही तासांपुरते येणारे रुग्ण घ्यायचे की वगळायचे, तेही याच टप्प्यावर नोंदवावे.

सर्वांत मोठा धोका रात्रीच्या आणि रविवारच्या भरतीत असतो. माहिती गोळा करणारा निवासी डॉक्टर सकाळच्या राउंडनंतर वॉर्डात जो दिसेल त्याला प्रश्न विचारतो. रात्री अकराला आलेला आणि पहाटे दगावलेला रुग्ण, दुसऱ्या रुग्णालयात हलवलेला रुग्ण, किंवा खर्चाच्या भीतीने नातेवाइकांनी सही करून घरी नेलेला रुग्ण या मोजणीत कधीच येत नाही. हे गळलेले लोक सर्वांत गंभीर आणि बऱ्याचदा सर्वांत गरीब असतात. त्यामुळे यादी वॉर्डातून न करता भरतीच्या मूळ रजिस्टरवरून, आयपीडी (आंतररुग्ण विभाग) क्रमांकाच्या क्रमाने करावी. जे सापडले नाहीत त्यांचे किमान वय, लिंग, दाखल होण्याची वेळ आणि शेवट एवढे तरी रजिस्टरमधून उतरवून घ्यावे. किती जण पात्र होते, किती घेतले आणि बाकीचे का राहिले, हे तक्त्याच्या आधी दोन-तीन वाक्यांत सांगावे.

पायरी दुसरी : नोंद कोणत्या क्षणाची, हे ठरवावे

‘दाखल होतानाची प्रकृती’ म्हणजे कॅज्युअल्टीतला पहिला रक्तदाब की वॉर्डात पोहोचल्यावरचा? दोन्हींच्या मध्ये सलाइन, इंजेक्शन आणि ऑक्सिजन दिलेले असते. रक्त चढवल्यानंतरचे हिमोग्लोबिन, डेक्स्ट्रोज (साखरेचे सलाइन) चालू असताना घेतलेली साखर, लघवीचे औषध दोन दिवस दिल्यानंतरचे वजन, हे आकडे मोजणी म्हणून खरे असले तरी दाखल होतानाचे नाहीत. साधा नियम असा ठेवता येतो : नाडी, रक्तदाब, श्वसनगती आणि ऑक्सिजनचे प्रमाण कॅज्युअल्टीतल्या पहिल्या नोंदीतून घ्यावे, आणि प्रयोगशाळेच्या चाचण्यांसाठी पहिल्या २४ तासांतील पहिला अहवाल धरावा. ऑक्सिजनचे प्रमाण लिहिताना रुग्ण साध्या हवेवर होता की मास्कवर, हे शेजारी लिहिलेच पाहिजे; त्याशिवाय ९४ टक्के या आकड्यातून काहीच कळत नाही.

पायरी तिसरी : वय

वय हे सर्वांत सोपे सदर वाटते, पण प्रौढांच्या, विशेषतः वृद्धांच्या वॉर्डात ते सर्वांत डळमळीत असते. ‘असतील साठ-पासष्ट’ असे नातेवाईक सांगतात आणि केसपेपर खिडकीवर ६० लिहिले जाते. आधार कार्डावर पाहावे तर नेमकी तारीख माहीत नसलेल्या अनेकांची जन्मतारीख १ जानेवारी असते. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे हे वेगळे सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली ती तारीख असते. अशा तारखेवरून वर्ष घ्यावे, पण महिन्यांचा हिशेब करू नये.

कागद नसेल तेव्हा त्या भागातील घटनेचा आधार घ्यावा. पुण्यात १९६१चा पानशेतचा पूर, साताऱ्याकडे डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात १९७२चा दुष्काळ, लातूर-धाराशिवकडे सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जात होता का, लग्न झालं होतं का, पहिलं मूल झालं होतं का,’ असे विचारले की आजी बरेच काही सांगतात आणि वय तीन-चार वर्षांच्या अंतरात बसते. वय कागदावरून घेतले, घटनेवरून काढले की अंदाजाने लिहिले, यासाठी शेजारी एक छोटे सदर ठेवावे.

नोंदी पूर्ण झाल्यावर एक तपासणी करावी. वयाचा शेवटचा अंक ० किंवा ५ असलेले रुग्ण किती टक्के आहेत ते मोजावे. नोंदी अचूक असतील तर हे प्रमाण २०च्या आसपास येते. ते ४०च्या घरात गेले, तर ‘सरासरी वय ५४.३७ वर्षे’ असे लिहिण्यात अर्थ नाही. दशांश गाळावेत आणि १८ ते २९, ३० ते ४४, ४५ ते ५९, ६० व अधिक असे रुंद गट करावेत. तरीही ६०च्या सीमेवर गर्दी राहतेच, कारण ५८ वर्षांचा माणूसही साठ म्हणूनच लिहिला जातो. ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण हाच मुख्य मुद्दा असेल, तर निदान सीमेजवळच्या रुग्णांची वये कागदपत्रांवरून पुन्हा पाहावीत.

पायरी चौथी : लिंग, ठिकाण, व्यवसाय

लिंगाच्या सदरात स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला तृतीयपंथी व्यक्तींसाठी पर्याय असावा. २०१९च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या ओळखीला मान्यता दिली आहे. व्यक्तीने जे सांगितले तेच लिहावे, चेहरा किंवा कपडे पाहून नव्हे.

पत्त्याच्या बाबतीत केसपेपरवर अनेकदा शहरातील नातेवाइकांचा पत्ता असतो. त्यावरून ‘शहरी रुग्ण ७० टक्के’ असा निष्कर्ष निघतो आणि खेड्यांतून येणारे लोक आकड्यांतून पुसले जातात. ‘गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस कुठे राहिलात’ असा प्रश्न विचारून गाव, तालुका आणि जिल्हा लिहावा. ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रुग्णालयांत बीड आणि अहिल्यानगरचे मजूर येतात. त्यांच्यासाठी मूळ गाव आणि सध्याचा मुक्काम ही दोन वेगळी सदरे लागतात, नाहीतर पुढची तपासणी आणि क्षयरोगासारख्या आजाराचे औषध कुठे चालू ठेवायचे याचा पत्ताच लागत नाही.

व्यवसायाच्या सदरात बायकांपुढे ‘गृहिणी’ आणि म्हाताऱ्या पुरुषांपुढे ‘काही नाही’ लिहिण्याची सवय मोडायला हवी. जी बाई सकाळी स्वयंपाक करून दिवसभर खुरपणीला जाते ती शेतमजूर आहे, आणि सर्पदंश, उष्माघात किंवा लेप्टोस्पायरोसिसचा विचार करताना हीच नोंद उपयोगी पडते. आता काही न करणाऱ्या माणसाने तीस वर्षे गिरणीत, दगडखाणीत किंवा फाउंड्रीत काढली असतील, तर त्याच्या फुप्फुसांच्या आजाराचे कारण त्या जुन्या कामात असू शकते. म्हणून ‘सध्याचे काम’ आणि ‘आयुष्यात सर्वांत जास्त वर्षे केलेले काम’ असे दोन प्रश्न ठेवावेत. स्वयंपाक चुलीवर होतो की गॅसवर, आणि चुलीवर किती वर्षे केला, हेही येथेच विचारून घ्यावे. कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या दीर्घकालीन श्वसनविकाराशी त्याचा थेट संबंध असतो.

पायरी पाचवी : आर्थिक स्तर

आपल्याकडे प्रामुख्याने तीन मापे वापरली जातात. बी. जी. प्रसाद यांचे १९६१चे वर्गीकरण दरडोई मासिक उत्पन्नावर आधारलेले असून गाव आणि शहर दोन्हीकडे चालते. उदय पारीक यांचे १९६४चे माप ग्रामीण कुटुंबांसाठी आहे. कुप्पुस्वामी यांचे १९७६चे माप शहरी कुटुंबांसाठी असून त्यात शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न यांचे गुण मिळवले जातात. प्रसाद आणि कुप्पुस्वामी यांच्या उत्पन्नाच्या मर्यादा ग्राहक किंमत निर्देशांकानुसार बदलत राहतात, म्हणून कोणत्या महिन्याच्या निर्देशांकाने त्या काढल्या हे लिहावे. दहा वर्षांपूर्वीच्या प्रबंधातील मर्यादा तशाच उचलल्या तर आजचा मजूरही मध्यमवर्गात जातो.

रुग्णालयात उत्पन्न विचारले की शासकीय योजनेसाठी किंवा बिलातील सवलतीसाठी विचारत आहेत असे वाटते, आणि उत्तर स्वाभाविकपणे कमी येते. त्यासाठी कुटुंबाला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न बिलिंगच्या खिडकीपासून लांब, शांतपणे विचारावा आणि उत्तराचा उपचारांशी किंवा बिलाशी संबंध नाही हे आधी सांगावे. एका चुलीवर जेवणारी माणसे किती, हे विचारूनच दरडोई उत्पन्न काढावे. शिधापत्रिकेचा रंग, म्हणजे पिवळी, केशरी की पांढरी, हाही नोंदवावा, पण त्याला आर्थिक स्तराचा पुरावा न मानता वेगळे सदर समजावे.

पायरी सहावी : तंबाखू आणि दारू

बाहेरून आलेल्या नमुन्यात ‘धूम्रपान : होय / नाही’ एवढेच सदर असते. भारतात ते अपुरे आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूर काढणारे १०.७ टक्के, तर खाणारे, लावणारे किंवा नाकात ओढणारे अशा धूरविरहित प्रकारांचे वापरकर्ते २१.४ टक्के होते. महाराष्ट्रात ही दरी आणखी मोठी होती : धूम्रपान ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू २४.४ टक्के. केवळ विडी-सिगारेट विचारणारा तक्ता आपल्या बहुसंख्य तंबाखूसेवी रुग्णांना ‘निर्व्यसनी’ ठरवतो.

प्रश्न वस्तूचे नाव घेऊन विचारावा. ‘तंबाखू खाता का’ याला नाही म्हणणारी बाई ‘मिश्री लावता का’ याला सहज हो म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे आहे. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, गुटखा, चुना-तंबाखू, तपकीर असे एकेक नाव घ्यावे; आता चालू, पूर्वी होते, कधीच नाही, यांतील एक पर्याय लिहावा आणि किती वर्षे ते विचारावे. ‘सोडले’ म्हणणाऱ्याला केव्हा सोडले हेही विचारावे, कारण दाखल होण्याच्या आदल्या दिवशी सोडलेली तंबाखू चालूच धरावी लागते.

दारूचा प्रश्न सासू, मेहुणा किंवा मोठा मुलगा शेजारी उभा असताना विचारला तर उत्तर त्यांच्यासाठी दिले जाते. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबवावे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची यादी उपलब्ध आहे. वेळ नसेल तर तिचे पहिले तीन प्रश्नही चालतात. एवढी काळजी संशोधनापुरती नाही : रोज पिणारा माणूस दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत भ्रमिष्ट होऊ शकतो, आणि खरे उत्तर मिळालेले असेल तर ते वेळीच टाळता येते.

पायरी सातवी : वजन, उंची आणि निकष

उठून उभे राहू न शकणाऱ्या रुग्णाचे वजन अंदाजाने लिहिण्याचा प्रघात आहे. तशी वेळ आली तर ‘अंदाजे’ असे लिहावे. त्यापेक्षा दंडाचा घेर टेपने मोजणे अधिक भरवशाचे असते. जलोदर किंवा पायांवर सूज असलेल्या रुग्णाचे वजन पोषणाचे माप म्हणून वापरू नये.

शरीरभार निर्देशांकासाठी (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) कोणती मर्यादा वापरली हे सांगितल्याशिवाय ‘लठ्ठ रुग्ण’ या शब्दांना अर्थ येत नाही. जागतिक मर्यादा २५ आणि ३० अशा आहेत. भारतीयांसाठी २३ आणि २५ वापरल्या जातात, कारण आपल्याकडे कमी वजनावरही पोटाची चरबी आणि मधुमेह दिसतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ६४ किलो वजनाच्या माणसाचा निर्देशांक २३.५ येतो : एका निकषाने तो सामान्य, दुसऱ्याने अतिवजनी. रक्तक्षयासाठी पुरुषांत १३ आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन ही नेहमीची मर्यादा आहे. मर्यादा कोणतीही घ्या, ती तक्त्याखाली लिहा.

पायरी आठवी : जुने आजार

येथे तीन गट वेगळे ठेवावेत : आधीपासून माहीत असलेला आजार, याच भरतीत प्रथम सापडलेला आजार, आणि तपासलाच नाही. चौथी अशी एक नोंद बहुतेक ठिकाणी राहून जाते, ती म्हणजे माहीत आहे पण औषध बंद. ‘शुगर आहे का’ याला ‘होती, आता बरी आहे’ असे उत्तर मिळते; तेव्हा पिशवीतल्या गोळ्या, जुन्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड पाहावे, आणि औषध का सुटले हेही न रागावता विचारावे.

दाखल होताना साखर २२० आली म्हणून मधुमेह झाला असे होत नाही. न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका किंवा सेप्सिस यांच्या ताणाने साखर वाढते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर वाढ आधीपासूनची समजता येते. मात्र या चाचणीलाही मर्यादा आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांत, नुकतेच रक्त चढवलेल्यांत आणि तीव्र रक्तक्षयात तिचा आकडा फसवा असतो. तेथे बरे झाल्यावर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासण्याची नोंद करून निर्णय पुढे ढकलावा.

अनेक आजारांचा एकत्रित भार दाखवण्यासाठी चार्लसन यांचा १९८७चा निर्देशांक वापरला जातो. त्यात पसरलेल्या कर्करोगाला ६ गुण आहेत, जुन्या हृदयविकाराच्या झटक्याला १. त्यात उच्च रक्तदाब धरलेला नाही, म्हणून तो स्वतंत्रपणे लिहावा लागतो. एलिक्सहाउझर यांच्या १९९८च्या यादीत रक्तदाब आहे, पण ती मोठी असल्याने हाताने भरताना वेळ जातो. शंभर-दोनशे रुग्णांच्या प्रबंधासाठी चार्लसन पुरेसा आहे.

पायरी नववी : निदान आणि शेवट

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना मांडली होती. आज त्या कामासाठी आयसीडी ही आजारांची आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादी आहे. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू असली तरी अनेक रुग्णालये अजून दहावीच वापरतात. कोणती वापरली ते सांगावे. निदान केसपेपरच्या पहिल्या पानावरचे न घेता डिस्चार्ज कार्डावरचे घ्यावे, कारण पहिले पान म्हणजे तपासण्यांआधीचा तर्क असतो.

मृत्यूच्या कारणात ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडणे’ हे लिहिणे निरुपयोगी आहे. मृत्यू तसाच येतो. त्यामागचा आजार कोणता, हे वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुना ४मधील पहिल्या भागाच्या सर्वांत खालच्या भरलेल्या ओळीत असायला हवे. शेवटाच्या सदरात बरे होऊन घरी, सल्ल्याविरुद्ध घरी, दुसरीकडे पाठवले, मृत्यू असे चार पर्याय ठेवावेत. सल्ल्याविरुद्ध गेलेल्यांना ‘डिस्चार्ज’मध्ये मिळवल्यास मृत्यूदर फसवा कमी दिसतो.

पायरी दहावी : तक्ता भरणे

संगणकावर एका रुग्णाला एक ओळ आणि एका माहितीला एक रकाना द्यावा. माहीत नाही, तपासले नाही आणि शून्य यांना वेगवेगळी खूण असावी. रिकामी जागा सोडू नये.

रुग्णालयातील मुक्काम, उत्पन्न, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) यांसारख्या आकड्यांची सरासरी दिशाभूल करते. समजा, नऊ रुग्ण ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ७ आणि ६२ दिवस राहिले. सरासरी ११ दिवस येते, जी एकाही रुग्णाला लागू पडत नाही. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ५ दिवस आहे. अशा ठिकाणी मध्यक आणि मधल्या निम्म्या रुग्णांची मर्यादा द्यावी.

टक्केवारीचा पाया प्रत्येक ओळीत स्पष्ट करावा. समजा, २४० रुग्णांपैकी ९० जणांचे एचबीए१सी केले आणि ७२ जणांत ते वाढलेले होते. तपासलेल्यांच्या हिशेबाने हे ८० टक्के, सर्व रुग्णांच्या हिशेबाने ३० टक्के होते. दोन्ही आकडे अपुरे आहेत, कारण ज्यांच्यावर डॉक्टरांना संशय आला त्यांचीच चाचणी झाली. ‘९० पैकी ७२, १५० जणांची चाचणी नाही’ असे सरळ लिहावे. शंभराहून कमी रुग्ण असतील तर टक्क्यांना दशांश देऊ नयेत. स्त्री-पुरुषांची किंवा दोन गटांची तुलना करताना प्रत्येक ओळीपुढे पी मूल्य (फरक योगायोगाने आला असू शकेल का, हे जोखणारा आकडा) टाकण्याची गरज नसते. उपचारांच्या चाचणीत चिठ्ठीने गट पाडलेले असतील तर ते टाळावेच.

पायरी अकरावी : तक्त्याला न झेपणारे दावे करू नयेत

रुग्णालयात येणारे लोक म्हणजे जिल्हा नव्हे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ साली दाखवून दिले की दोन आजार असलेली व्यक्ती दाखल होण्याची शक्यता एकच आजार असलेल्यापेक्षा जास्त असल्याने, समाजात परस्परांशी संबंध नसलेले आजार रुग्णालयात जोडीने वावरताना दिसतात. वॉर्डात पुरुष ६० टक्के असतील, तर पुरुषांना आजार जास्त होतात असे म्हणता येत नाही. कदाचित घरातल्या बाईला दवाखान्यात आणायला कोणाला सवड झाली नसेल, किंवा स्त्री वॉर्डात खाटाच कमी असतील. प्रत्येक वॉर्डातील खाटांची संख्या तक्त्याजवळ दिली की वाचणाऱ्याला हे तपासता येते.

पायरी बारावी : रुग्णाचे नाव जपणे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचून, संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी मिळाल्यावरच काम सुरू करावे. नाव, फोन, आधार आणि आयपीडी क्रमांक विश्लेषणाच्या फाइलमध्ये नकोत. रुग्णाला अनुक्रमांक द्यावा आणि त्याची नावाशी जोड दाखवणारी यादी वेगळी, कुलपात किंवा पासवर्डखाली ठेवावी. केसपेपरचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नयेत. तक्ता छापण्यापूर्वी पाचहून कमी रुग्ण असलेले रकाने पाहावेत : लहान तालुका, वय, व्यवसाय आणि एचआयव्हीसारखे निदान एकत्र आले की गावातला माणूस नाव नसतानाही ओळखतो. असे रकाने शेजारच्या गटात मिळवावेत, तालुक्याऐवजी जिल्हा लिहावा, आणि नावांची यादी समितीने ठरवून दिलेली मुदत संपताच नष्ट करून तशी लेखी नोंद समितीकडे द्यावी.